एक गच्ची, दोन भाऊ आणि दोन किलोवॉट : जुळे सोलापुरातील एका घराचा सौर पॅनेलचा निर्णय

पार्श्वभूमी

जुळे सोलापूर भागातील हे घर १९९० च्या दशकातले आहे. तळमजला वडिलांनी बांधला, वरचा मजला धाकट्या मुलाला नोकरी लागल्यावर त्याच्या पैशातून चढला, आणि त्यावर साधारण तीस बाय तीस फुटांची गच्ची आहे. तळमजल्यावर थोरले बंधू पत्नीसह राहतात. ते सेवानिवृत्त शिक्षक असून या टिपणात त्यांचा उल्लेख गुरुजी असा केला आहे. धाकटे बंधू नोकरीनिमित्त हैदराबादला असतात आणि वरचा मजला भाड्याने दिलेला आहे. बहीण लग्नानंतर अक्कलकोटला स्थायिक आहे, तर गुरुजींचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा वगळले आहेत. विजेचे आणि पैशांचे आकडे कुटुंबाची बिले आणि त्यांच्याकडे आलेली कोटेशन यांवरून, पूर्णांकात घेतले आहेत.

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, हे नव्याने सांगण्यासारखे नाही. गुरुजींच्या पत्नीला रक्तदाबाचा त्रास सुरू झाल्यावर घरात एसी आला. एरवी महिन्याला दीडशे ते अडीचशे युनिटांत राहणारा वापर त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चारशेच्या पुढे गेला आणि मे २०२४ चे बिल सहा हजारांवर पोहोचले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम टोचणारी होती.

याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ जाहीर केली होती. देशभरातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे या योजनेचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटच्या घरगुती संचाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. योजनेच्या नावातला ‘मुफ्त’ हा शब्द गल्लीत सर्वांच्या तोंडी होता, आणि गुरुजींच्या घरी चर्चा सुरू झाली तीही त्याच शब्दाने.

प्रश्न नेमका कोणता होता

मे महिन्यात तीन विक्रेत्यांनी येऊन गच्ची पाहिली. पहिल्याने पाच किलोवॉटचा संच सुचवला. दुसऱ्याने तीन किलोवॉटचा आराखडा आणि १,९५,००० रुपयांचे कोटेशन दिले. तिसऱ्याने बजेट विचारून दोन आणि तीन किलोवॉट असे दोन पर्याय लिहून दिले. तिघांचीही पाहणी दुपारी झाली आणि थोडक्यात उरकली. एकानेही मागची बारा बिले मागितली नाहीत, गच्ची कोणाच्या नावावर आहे हे विचारले नाही, आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला पडलेल्या ओलीच्या डागांकडे मान वर करून पाहिले नाही.

सोलापुरात ऊन पुरेसे आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारण्याची गरजही नाही. अडचण अशी की, उन्हाच्या या खात्रीमुळे बाकीचे प्रश्न मागे ढकलले जातात. पॅनेलवर कार्यक्षमतेची हमी पंचवीस वर्षांची असते. ते ज्या गच्चीवर बसते तिची मालकी, तिचे उरलेले आयुष्य, तिच्यावर पडणारी सावली आणि ते धुण्यासाठी लागणारे पाणी या चार गोष्टी कोणत्याही माहितीपत्रकात नसतात. या कुटुंबाचा निर्णय मे ते नोव्हेंबर असा लांबला. शेजाऱ्यांना ती चालढकल वाटली. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या सहा महिन्यांतच या प्रकरणातले सगळे महत्त्वाचे निर्णय झाले.

गच्ची कोणाची, मीटर कोणाचे

पहिली अडचण कागदावरची होती. तळमजल्याचे वीजबिल अजूनही वडिलांच्या नावाने येत होते. बिल भरले जात असल्याने नाव बदलण्याची निकड कधी कोणाला वाटली नव्हती. एका विक्रेत्याने तर “होतंय ओ, नंतर बघू” म्हणून अर्ज भरायची तयारी दाखवली. मात्र योजनेचा अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान थेट बँक खात्यात जमा होते. ग्राहक क्रमांकावरचे नाव एक आणि खातेदाराचे नाव दुसरे असले की गाडी नेमकी पैशांपाशी येऊन अडते. गुरुजींनी आधी मीटर आपल्या नावावर करून घेण्याचे ठरवले. त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला, मिळकतीचे कागद आणि इतर वारसांची संमती लागणार होती. बहिणीने अक्कलकोटहून येऊन सही केली. धाकट्या बंधूंनी मात्र सही करण्यापूर्वी फोनवर एक प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता : “दादा, तुम्ही बसवा, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या मला वर दोन खोल्या काढायच्या झाल्या, तर हे सगळं कुठं न्यायचं?”

दोन भावांच्या सामाईक गच्चीवर एकाने पंचवीस वर्षांसाठी सांगाडा उभा करणे म्हणजे व्यवहारात गच्चीची वाटणी करणेच असते, मग ते कोणी बोलून दाखवो वा न दाखवो. येथे पर्याय तीन होते. तोंडी संमतीवर काम उरकावे. संच दोघांच्या खर्चाने बसवावा. किंवा गुरुजींनी स्वतःच्या खर्चाने बसवावा, पण लेखी अटींवर. दुसरा पर्याय आकर्षक दिसत होता. परंतु वरच्या मजल्याचे मीटर वेगळे आहे आणि साध्या नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे ग्रीडमध्ये, वीज कंपनीच्या जाळ्यात, गेलेली सौर वीज वापरातून वजा करून बिल काढण्याच्या पद्धतीत) एका मीटरला जोडलेल्या संचाची वीज दुसऱ्या मीटरच्या बिलातून वजा होत नाही. धाकट्या बंधूंनी पैसे घालायचे आणि बिल गुरुजींचे उतरायचे, असा तो हिशेब झाला असता.

अखेर मुद्रांक कागदावर समजुतीचा लेख झाला. गच्चीचा पूर्वेकडील ठरावीक भाग गुरुजींच्या पॅनेलसाठी, तेवढाच भाग धाकट्या बंधूंच्या भविष्यातील संचासाठी मोकळा. गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा. आणि दहा वर्षांच्या आत वर बांधकाम काढायचे ठरल्यास पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च बांधकाम काढणाऱ्याने करायचा, दहा वर्षांनंतर मात्र गुरुजींनी. शेवटची अट गुरुजींच्या मुलाने सुचवली. वकिलाकडे जाऊन हा लेख करणे नात्यात वाईट दिसेल, असे गुरुजींच्या पत्नीला वाटत होते. त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही असे लेख संबंध चांगले असतानाच होतात. बिघडल्यावर ते लिहायला कोणी बसत नाही.

स्लॅब, कोबा आणि एक पावसाळा

गच्चीवरचा विटांचा कोबा मूळ बांधकामाइतकाच जुना होता. त्याला बारीक तडे गेले होते आणि वरच्या मजल्यावरील एका खोलीच्या छताला दर पावसाळ्यात ओल येत असे. गच्ची आधी दुरुस्त करावी की पॅनेल आधी बसवावेत, यावर घरात मतभेद झाले. योजना बंद झाली तर काय, ही धास्ती एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला साधी गोष्ट होती की, एकदा सांगाड्याचे पाय रोवले गेले की त्याखालचा कोबा उकरणे जवळजवळ अशक्य होते आणि करायचेच म्हटले तर पॅनेल उतरवावे लागतात.

गुरुजींनी जून लागण्यापूर्वी जलरोधक काम करून घेतले आणि पॅनेलचे काम पावसाळा संपेपर्यंत थांबवले. सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा असून येथे सप्टेंबर हाच मुख्य पावसाचा महिना असतो. त्यामुळे गच्चीची खरी परीक्षा जूनमध्ये होतच नाही. सप्टेंबर कोरडा गेला, म्हणजे छत कोरडे राहिले, तेव्हाच गवंड्याचे उरलेले पैसे देण्यात आले. वजनाचा प्रश्न त्यामानाने सोपा निघाला. ५४० वॉटचे एक पॅनेल तीस किलोच्या आसपास भरते आणि सुस्थितीतल्या आरसीसी स्लॅबला चार-सहा पॅनेल व सांगाडा यांचा भार जड नसतो. त्या परिसरातील जुन्या पत्र्याच्या किंवा गावठाणातील माळवदाच्या (मातीच्या छताच्या) घरांना हे लागू नाही. तेथे अभियंत्याकडून पाहणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मे महिन्यातली सावली आणि डिसेंबरमधली सावली

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय सावलीचा होता, आणि तो जवळजवळ हुकलाच होता. गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली आहे आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी; दोन्ही मिळून उंची साधारण तेरा फूट. आग्नेय कोपऱ्यात जुना सोलर बंब आहे. दुसऱ्या विक्रेत्याच्या आराखड्यात सहा पॅनेल जिन्याच्या खोलीच्या लगेच उत्तरेला, बुटक्या सांगाड्यावर दाखवले होते. जागा चौरस, मोकळी आणि पाहणीच्या वेळी लख्ख उन्हात न्हालेली होती.

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येथे सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, वस्तूंची सावली त्यांच्या पायाशीच नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. अशा दिवसांत दुपारी केलेल्या पाहणीत तेरा फुटांची भिंतसुद्धा निरुपद्रवी दिसते. २१ डिसेंबरच्या आसपास मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. त्या वेळी तेरा फुटांच्या वस्तूची सावली उत्तरेकडे अकरा फूट जाते. सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीहून लांब होते. दुसऱ्या विक्रेत्याच्या आराखड्यातील निम्मे पॅनेल नोव्हेंबर ते जानेवारी ऐन दुपारी सावलीत बसले असते. पॅनेल एका साखळीत जोडलेले असल्यामुळे एकावर पडलेली सावली सगळ्या रांगेचे उत्पादन ओढून खाली आणू शकते. पॅनेलमधील बायपास डायोड हे नुकसान मर्यादित करतात, टाळत नाहीत.

हे मुलाच्या लक्षात आले ते दिवाळीला घरी आल्यावर. गच्चीवर बसले असताना टाकीची सावली आराखड्यातल्या जागेवर आडवी पडलेली त्याने पाहिली. पुढे नोव्हेंबरच्या मध्यात गुरुजींनी एका दिवसात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीच्या कडा खडूने आखल्या. वर्षभर सावलीमुक्त राहणारी जागा पूर्वेकडे होती, आणि तिचा सर्वांत चांगला भाग नेमका सोलर बंबाने अडवलेला होता.

येथून तीन वाटा होत्या. बंब हलवून त्या जागी बुटक्या सांगाड्यावर पॅनेल बसवणे. बंब काढूनच टाकणे. किंवा बंबाच्या वरून जाईल असा आठ फूट उंच सांगाडा उभारणे, मात्र बंबाच्या काचेवर पॅनेलची सावली येणार नाही इतके उत्तरेला सरकवून. बंब चांगला चालत होता, त्यामुळे तो काढण्यात अर्थ नव्हता. उंच सांगाड्याचा एक फायदा कोणी आधी मोजला नव्हता : पॅनेल आठ फुटांवर गेले की तेरा फुटांच्या अडथळ्याची त्यांच्या दृष्टीने उंची पाच फूटच उरते आणि सावलीही त्या प्रमाणात आखडते. शिवाय खालून हवा खेळती राहते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये पॅनेल साठ अंशांच्या वर सहज तापते. गुरुजींच्या पत्नीने उंच सांगाड्याच्या बाजूने मत दिले ते वेगळ्या कारणाने : कुरडया, पापड आणि सांडग्यांचे वाळवण घालायला गच्ची मोकळी राहणार होती.

उंच सांगाड्याची दुसरी बाजू म्हणजे वारा. एप्रिल-मेमधील वळिवाच्या वादळात उंचावरचे पॅनेल शिडासारखे वारा धरते. म्हणून सांगाड्याचे पाय कोब्यात न रोवता खालच्या खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर, सिमेंटच्या पायथ्यांत घेण्यात आले आणि जेथे छिद्रे पडली तेथे जलरोधक काम पुन्हा करून घेतले. यामुळे कोटेशन वाढले, आणि ते वाढणे योग्यच होते.

दक्षिणेकडच्या मोकळ्या प्लॉटचा विचारही झाला. तेथे उद्या इमारत उभी राहिली तर काय, याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. परवानगीच्या मर्यादेत घर बांधणाऱ्या शेजाऱ्याला ‘माझ्या पॅनेलवर सावली येते’ म्हणून थांबवणे व्यवहारात शक्य नसते. हा धोका समजून-उमजून स्वीकारण्यात आला.

दोन की तीन किलोवॉट

एक किलोवॉटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, असा ठोकताळा तिन्ही विक्रेत्यांनी सांगितला. कुटुंबाचा वर्षाचा वापर सुमारे ३,१६० युनिट होता. पाच किलोवॉटमधून सात हजारांवर युनिट निघाले असते, म्हणजे तो पर्याय या घरासाठी मुळातच नव्हता. खरी निवड चार पॅनेल (२.१६ किलोवॉट) आणि सहा पॅनेल (३.२४ किलोवॉट) यांत होती. जास्तीत जास्त अनुदान तीन किलोवॉटला मिळते, त्यामुळे तीन घेणेच शहाणपणाचे, असा सर्वांचा सूर होता.

मुलाने मग महिनावार तक्ता केला, आणि वार्षिक बेरजेत न दिसणारी गोष्ट त्यात दिसली. नेट मीटरिंगमध्ये महिन्याला जास्तीची वीज ग्रीडमध्ये गेली तर ते युनिट पुढच्या महिन्यांसाठी जमा राहतात. पण हा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला बंद होतो आणि शिल्लक युनिटांचे पैसे ग्राहक भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. सोलापुरातील घरांचा हिवाळी वापर सर्वांत कमी असतो आणि आभाळ निरभ्र असल्याने उत्पादन चांगले असते. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जमा झालेले युनिट, त्यांची सर्वाधिक गरज सुरू होते त्याच्या आदल्या दिवशी, स्वस्तात निघून जातात. एप्रिल-मेचा एसी मार्चच्या शिलकीवर चालवता येत नाही. वापर आणि उत्पादन यांची वार्षिक बेरीज जुळवून संचाचा आकार ठरवणाऱ्यांना हा ३१ मार्च हमखास चकवतो.

दुसरा मुद्दा दराच्या टप्प्यांचा होता. २०२४-२५ मध्ये घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांचा दर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा प्रतियुनिट आकार) धरून सहा रुपयांच्या आत होता, १०१ ते ३०० या टप्प्यात तो साडेअकरा रुपयांच्या आसपास जात होता, आणि त्यापुढे पंधरा रुपयांच्या वर. त्यावर वीज शुल्क वेगळे. सौर वीज बिलातून वजा होते तेव्हा वरचे, महाग टप्पे आधी नाहीसे होतात. चार पॅनेलमुळे महागडे टप्पे जवळजवळ पुसले जात होते आणि उरलेला वापर बहुतेक महिन्यांत पहिल्या शंभर युनिटांत बसत होता. पुढची दोन पॅनेल हे स्वस्त युनिट वाचवणार होती आणि उरलेली वीज मार्चअखेर कमी दराने विकणार होती. पहिल्या दोन किलोवॉटचे पैसे अनुदान वजा जाता तीन वर्षांच्या आसपास फिटत होते; तिसऱ्यासाठी जादा ५०,०००, त्यातून १८,००० अनुदान वजा करून उरलेले ३२,००० फिटायला त्याच्या जवळपास दुप्पट काळ लागणार होता.

सहा वर्षांत पैसे फिटणे हीसुद्धा वाईट गुंतवणूक नव्हे. तरीही कुटुंबाने चार पॅनेल निवडली, कारण पूर्वेकडच्या सावलीमुक्त जागेत धाकट्या बंधूंचा वाटा सोडून चारच नीट बसत होती. मात्र घरात विजेवर चालणारी स्कूटर किंवा दुसरा एसी येण्याची शक्यता असती, तर हिशेब तिसऱ्या किलोवॉटकडे झुकला असता. येथे कुटुंबाने भावी वापराचा विचार पुरेसा केला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बॅटरी, कर्ज आणि करार

बॅटरीचा विषय लवकर मिटला. वीज गेली की ग्रीडशी जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) भर उन्हातही बंद पडतो, कारण तसे न केल्यास खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो. हे समजल्यावर गुरुजींचा हिरमोड झाला. पण घरात पंखे-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी होती. ती तशीच ठेवली. कर्जही घेतले नाही. योजनेखाली तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि गुरुजींकडे मुदतठेव नसती तर तो मार्ग वाईट नव्हता.

करारावर मात्र वेळ गेला. तिसऱ्या विक्रेत्याचे १,४५,००० रुपयांचे कोटेशन उंच सांगाड्यासह होते. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सौर सेलचे (पॅनेलमधील वीज तयार करणाऱ्या घटकांचे) असावे लागते, म्हणून पॅनेलचा मेक, मॉडेल व तसे प्रमाणपत्र करारात लिहून घेतले. योजनेखाली विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. तिच्यात पॅनेल धुणे येते की नाही, हे स्पष्ट करून घेतले. ते येत नव्हते. पैसे टप्प्याटप्प्याने देण्याचे आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यावर देण्याचे ठरले. ‘अनुदान वजा करून उरलेलेच द्या’ ही दुसऱ्या विक्रेत्याची सवलत गुरुजींनी नाकारली, कारण अनुदान आपल्या खात्यात येणार असेल तर मधल्या हिशेबात आपल्याला कोणाचे देणेकरी व्हायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

काम आणि पहिले वर्ष

मीटर नावावर झाल्यावर राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज भरला गेला. दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जांना तांत्रिक तपासणीत अडकून राहावे लागत नाही, असा नियम २०२४ मध्ये आल्यामुळे तो टप्पा सुरळीत पार पडला. नोव्हेंबरअखेर सांगाडा आणि पॅनेल चढले. आकाशातील विजेपासून बचाव करणारा वीजरोधक, डीसी (एकदिश प्रवाह) आणि एसी (प्रत्यावर्ती प्रवाह) बाजू यांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग घेतली. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या जमिनीचा विचार करून त्यांच्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालण्याची सूचना होती. डिसेंबर २०२४ मध्ये नेट मीटर बसले आणि पुढे साठ हजारांच्या आसपास अनुदान खात्यावर जमा झाले.

२०२५ या पहिल्या पूर्ण वर्षात सुमारे २,८८० युनिट निर्माण झाले. ठोकताळ्याप्रमाणे ३,१५० यायला हवे होते. सर्वाधिक उत्पादन मार्चमध्ये झाले, मेमध्ये नव्हे. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने गाठले आणि सप्टेंबरमध्ये जिल्ह्याने पूरही पाहिला, त्यामुळे आकाश बरेच दिवस झाकोळलेले होते. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत मिळून साडेचारशेच्या आसपास युनिटांचे बिल भरावे लागले. हिवाळ्यात बिल स्थिर आकारापुरते, म्हणजे वापर कितीही असला तरी दरमहा भराव्या लागणाऱ्या ठरावीक रकमेपुरते आले. ‘मुफ्त’ या शब्दामुळे शून्य बिलाची अपेक्षा धरलेल्या गुरुजींच्या पत्नीला स्थिर आकार म्हणजे काय, हे दोनदा समजावून सांगावे लागले.

अनपेक्षित त्रास पाण्याचा झाला. नोव्हेंबर ते मे एरवी फारसा पाऊस नसल्याने पॅनेलवर धुळीचा थर बसतो, आणि शहरातील नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. सुरुवातीला बोअरच्या पाण्याने पॅनेल धुतले गेले. ते पाणी जड असल्याने तापलेल्या काचेवर वाळून क्षारांचे पांढरे डाग पडले, आणि ते साध्या फडक्याने निघेनात. घरातील आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरण्याचा सल्ला कोणीतरी दिला. त्यात क्षार आणखी जास्त असतात, त्यामुळे तो ऐकला नाही हे बरे झाले. आता नळाला पाणी येते त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून, सूर्य वर येण्याआधी, लांब दांड्याच्या मऊ वायपरने पॅनेल पुसले जातात. आठ फुटांवरच्या पॅनेलपर्यंत पोहोचायला सत्तरीतल्या माणसाने शिडी चढणे धोक्याचे असल्याने हे काम वरच्या मजल्यावरचा भाडेकरू करतो आणि त्याबद्दल भाड्यात थोडी सूट घेतो.

वेगळे काय करता आले असते

सावलीचा उलगडा दिवाळीत, मुलाच्या सहज नजरेस पडला म्हणून झाला. त्यासाठी हिवाळ्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. अडथळ्याची उंची मोजून सोलापूरसाठी तिला माध्यान्हीकरिता ०.९ने आणि सकाळी नऊकरिता २.१ने गुणले, की डिसेंबरमधील सावलीची लांबी मे महिन्यातही कागदावर काढता येते. सूर्याचा मार्ग दाखवणारी मोबाइल ॲप हेच काम दिशेसह करतात. विक्रेत्याकडून असा हिशेब लेखी मागितला असता तर दुसरा आराखडा पहिल्याच आठवड्यात बाद झाला असता.

उंच सांगाड्यावर पुसण्यासाठी उभे राहायला अरुंद फळी आणि कठडा ठेवण्याचा विचार आराखड्याच्या वेळी झाला असता, तर तेव्हा थोडक्यात भागले असते. आता तो खर्च वेगळा करावा लागणार आहे. मीटरवरील नावाचा बदल आणि भावांमधला लेख या दोन्ही गोष्टी कोटेशन मागवण्यापूर्वी हाती घेतल्या असत्या, तर धाकट्या बंधूंना आपल्याला शेवटी विचारले गेले असे वाटले नसते. तशी भावना त्यांनी नंतर बोलून दाखवली.

संचाच्या आकाराचा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. धाकट्या बंधूंना आता वरच्या मजल्याच्या मीटरवर दोन किलोवॉट बसवायचे आहेत आणि त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर हिवाळ्यात दुपारनंतर टाकीची सावली येते. टाकी जिन्याच्या खोलीवरून उतरवून उत्तरेच्या कठड्याजवळ बुटक्या चौथऱ्यावर ठेवण्याचा एक पर्याय आहे; तसे केल्यास वरच्या मजल्याच्या नळांना पाण्याचा दाब कमी पडेल आणि छोटा पंप बसवावा लागेल. त्या पंपाचे आणि प्लंबरच्या कामाचे पैसे कोणी द्यायचे, याचा उल्लेख भावांमधल्या समजुतीच्या लेखात नाही. दोघे भाऊ येत्या उन्हाळ्याच्या सुटीत भेटणार आहेत, तोपर्यंत नवे कोटेशन मागवलेले नाही.